बुरूज पडला की आधी मातीला विचारा

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणातल्या किल्ल्याचा उजवा बुरूज तिसऱ्यांदा बसला. किल्लेदार म्हणजे माझा नातू ईशान. वय साडेपाच, राहणार पुणे, दिवाळीपुरता मुक्काम सातारा. त्यानं आधी बुरुजाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग उरलेल्या तटाला अशी लाथ हाणली की चिखल उडून ह्यांच्या धुतलेल्या लेंग्यावर. "घाण किल्ला! मला नाही करायचा!" आणि मग भोकाड.

अंगणात मोठी माणसं बरीच होती आणि सगळ्यांना एकदम कंठ फुटला. आजोबा म्हणाले, "अरे, मावळा ना तू? मावळे रडतात का?" सूनबाई म्हणाली, "जाऊ दे रे, मोती चौकातून तयार किल्ला आणू." लेक बाह्या सरसावून खालीच बसला, "सरक, मी करून देतो." शेजारच्या वहिनी कठड्यावरून म्हणाल्या, "आमच्या मनवाचा बघून ये जा, कसा उभा राहिलाय." कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. पण दर वाक्यागणिक ईशानचा आवाज एक पट्टी वर चढत गेला.

मी २७ वर्षं बालवाडीत शिकवलं. ही चारही वाक्यं मी हजारदा ऐकली आहेत आणि खरं सांगायचं तर त्यातली तीन स्वतः बोललेही आहे. ती सोडून काय करायचं, ते इथं लिहिते. तीन ते सात-आठ वर्षांच्या पोरांसाठी आहे हे. माती, कागद, ठोकळे, चित्र, काहीही करत असू दे, गोष्ट तीच.

माझी स्वतःची चूक आधी सांगते, म्हणजे पुढचं पटेल. आमच्याकडे आषाढात बेंदूर. बालवाडीत आदल्या दिवशी पोरांकडून मातीचे बैल करून घ्यायचे. त्या वर्षी पाहुणे येणार होते आणि टेबलावर बैलांची रांग मांडायची होती. एका चार वर्षांच्या पोरीचा बैल सारखा बसायचा. पोट हे एवढं आणि पाय काडीसारखे. मी घाईत तो तिच्या हातातून घेतला, पाय जाड केले, वशिंड काढलं, शिंगं ओढली. दोन मिनिटांचं काम. पाहुणे वा वा म्हणाले. संध्याकाळी आई न्यायला आली तर ही म्हणते, "माझा न्हाई त्यो. बाईंचा हाय." बैल तिथंच ठेवून गेली. पुढं कितीतरी दिवस मातीची घमेली बाहेर काढली की ती हात पाठीमागं बांधून उभी राहायची. तिला बैल करता येत नव्हता असं नाही. आपला बैल बाईंना चालत नाही, एवढं तिला कळलं होतं.

सामान बरं असेल तर निम्मी रडारड होतच नाही

पोरगं चिडतं ते पुष्कळदा सामानावर. आपल्याला वाटतं त्याला धीर नाही. कात्री बोथट, कागद पातळ, माती पाणचट, आणि वर आपण म्हणायचं की चिकाटी ठेव.

मातीचंच घ्या. आमच्याकडं कृष्णाकाठची काळी माती सहज मिळते, म्हणून लोक तीच आणतात. काळी माती भिजली की फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळं नुसत्या काळ्या मातीचा तट दुसऱ्या दिवशी उन्हात भेगाळणारच. आमचं घरचं प्रमाण असं: दोन घमेली काळी माती, एक घमेलं चाळलेला मुरूम किंवा वाळू, आणि दोन ओंजळी बारीक काड. आतून विटा-दगडांचा ढिगारा, त्यावर भिजवलेलं गोणपाट आणि त्यावर हा चिखल. तांबडी माती मिळाली तर ती शेवटी वरून, रंगापुरती.

चिखल जमला का, हे पोराला स्वतःला कळलं पाहिजे. त्यासाठी लाडवाएवढा गोळा करून त्याच्याच कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकायला सांगायचा. पचकन पसरला तर पाणी जास्त, फुटून तुकडे झाले तर पाणी कमी, नुसता चपटा होऊन बसला तर झकास. ह्यात मोठ्या माणसानं काही बोलायची गरजच नाही, गोळाच सांगतो. आमच्या प्रशिक्षणात माँटेसरीबाईंची दट्टापेटी होती. लाकडाच्या ठोकळ्यात दहा भोकं, दहा दट्टे, प्रत्येकाचं घर ठरलेलं. एक चुकीच्या घरात गेला की शेवटी एखादा बाहेर राहतोच, मग बाईंनी "चूक" म्हणायला नको. ती पेटी महाग. चिखलाचा गोळा फुकट आहे आणि काम तेच करतो. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, माती अशा आसपासच्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं होतं, त्यामुळं मला ह्यात काही कमीपणा वाटत नाही.

कात्रीचं. पहिल्यांदा कापणाऱ्या पोराला वर्तमानपत्र देऊ नका. पातळ कागद पात्यांमध्ये दुमडतो आणि पोरगं म्हणतं, मला येत नाही. जुन्या लग्नपत्रिका द्या, जाड असतात, कटकन कापल्या जातात, आणि प्रत्येक घरात त्यांचा ढीग असतोच. आधी नुसती झालर, एका कापात तुटेल एवढीच पट्टी. रेघेवरून कापणं नंतर. आणि पोरगं डावखुरं आहे का ते बघा. साध्या कात्रीची पाती उजव्या हातासाठी जुळवलेली असतात. डाव्या हातात ती फाकतात आणि रेघही पात्याआड जाते. एका पोराला मी महिनाभर "नीट धर" म्हणत होते. त्याचं काही चुकत नव्हतं. माझीच लाज वाटली मला.

चिकटवायचं असेल तर पोराला वाट बघवत नाही, ही खरी अडचण. खळ असो की बाजारचा डिंक, दोन्ही ओले असताना सरकतात, पोरगं पुन्हा उचलून बघतं, पुन्हा सुटतं, की झालं सुरू. जोडावर कपड्याचा चिमटा लावायचा आणि म्हणायचं, "चिमट्यानं धरलंय, आता तू दुसरं कर." चिमटा पोरांना आवडतो. का, कोण जाणे.

वेळेचं एकच सांगते. दिवेलागणीला, पोटात भूक असताना, नाहीतर झोपेच्या तोंडावर काही करायला घेऊ नका. तो तिसरा बुरूज पडला तेव्हा सहा वाजून गेले होते आणि चिवड्याखेरीज ईशानच्या पोटात काही नव्हतं. त्या दिवशी पहिली चूक माझी होती.

पडलं, मोडलं, फाटलं की

आधी हात आवरा. आपले. मी सरळ पदराचं टोक मुठीत धरून बसते, कारण माझे हात माझं ऐकत नाहीत, पडलेलं दिसलं की पुढं जातात. पोराच्या उंचीला बसायचं, जरा बाजूला, अंगावर नाही. वीट, खुरपं, कात्री असलं काही जवळ असेल तर गाजावाजा न करता सरकवून ठेवायचं.

मग जे झालं तेवढंच बोलायचं. "पडला. तिसऱ्यांदा पडला." बस. पुढं काही नाही. त्याला कळतं की हिनं बघितलंय, आणि आता ओरडून दाखवायची गरज उरत नाही. वाटलं तर एवढं म्हणा, "वाईट वाटलं ना रे." "त्यात काय एवढं" हे वाक्य मात्र त्या वेळी घरातून हद्दपार करा. त्याच्या दृष्टीनं त्यात सगळं असतं. "एवढा मोठा झालास नि रडतोस", "पोरींसारखा काय रडतो" हीही त्याच माळेतली. दुसरं वाक्य तर मला कधीच समजलं नाही, माझ्या बालवाडीत पोरं-पोरी सारखंच रडायची.

आणि गोष्टी सांगू नका. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, रस्त्यावरच्या गावागावाची गोष्ट त्यांना पाठ. पोरगं रडायला लागलं की ह्यांचं खाशाबा जाधव सुरू: कराडजवळचं गोळेश्वर, १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकात कुस्तीत सहावा नंबर, पण हार मानली का, १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ पदक! गोष्ट खरी आहे, मोठी आहे, मलाही अंगावर काटा येतो. पण ज्याचा बुरूज आत्ता पडलाय त्याला हेलसिंकीचं काय? त्याला एवढंच ऐकू येतं की दुसरा कुणीतरी रडला नव्हता. गोष्ट दुसऱ्या दिवशी, जेवताना.

अंगाकडं बघा. चिखल वाळायला लागला की कातडी ओढते, खाजते, आणि राग आणखी वाढतो. मोरीवर नेऊन हातपाय धुतले, घोटभर पाणी प्यायला दिलं की निम्मं काम होतं. ईशानला त्या संध्याकाळी मी नुसतं नळाखाली उभं केलं. पाच मिनिटं तो पाण्याशीच भांडला. मग वरणभात.

लाथा-बुक्क्यांचं काय? आमचा नियम साधा होता. स्वतः केलेलं मोडलंस तर मोडलंस. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही आणि माणसावर हात उचलायचा नाही. हा नियम रडताना शिकवायचा नसतो, सकाळी काम सुरू करतानाच सांगून ठेवायचा. आणि रागाला काम द्यायचं. मातीला आपटून, तुडवून घ्यावंच लागतं, त्याशिवाय तिच्यातली हवा निघत नाही. म्हणून मी एक घट्ट गोळा कायम बाजूला ठेवायचे, त्याचं नावच "आपटायची माती". चिडलेलं पोरगं ती दगडावर धपाधप आपटायचं आणि दहा मिनिटांत माती बैलाला तयार. पोराला कुणी गप्प बसवलेलं नसायचं आणि माती वाया गेलेली नसायची.

मातीला विचारायचं

रडणं ओसरल्यावर, कधी अर्ध्या तासानं, कधी दुसऱ्या दिवशी, खरं काम सुरू होतं. पोरगं म्हणतं, "मला येत नाही." आपण म्हणतो, "येतं रे तुला." तो पुन्हा म्हणतो, येत नाही. असा वाद कितीही वेळ चालतो आणि त्यात बुरूज राहतो बाजूलाच. तुम्ही "येतं" म्हणा की "येत नाही" म्हणा, बोलणं पोराविषयीच चाललंय. मी ते बोलणं वस्तूवर नेते. "चल, मातीला विचारू, का पडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बुरुजापाशी उकिडवे बसलो. आमचं घर चिमणपुऱ्यात, मान वर केली की अजिंक्यतारा. ह्यांनी तेवढ्यात चहा पिता पिता आपली गोष्ट काढली, आणि ह्या खेपेला मी अडवलं नाही. औरंगजेबानं १६९९ च्या डिसेंबरात ह्या किल्ल्याला वेढा घातला. महिनोन् महिने किल्ला हाती येईना. शेवटी १७०० च्या एप्रिलमध्ये तटाखाली सुरुंग लावले. पहिल्या सुरुंगानं तट फुटला. दुसरा उडाला तेव्हा मात्र तट आत पडायच्या ऐवजी बाहेर कोसळला, थेट खाली उभ्या असलेल्या मोगल फौजेवर, आणि शेकडो माणसं दगडांखाली गेली. किल्ला पुढं त्यांनी तहानं घेतला, तो भाग वेगळा.

ईशान ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "आजी, आपला कुठल्या बाजूला पडला?"

मला हवा होता तो प्रश्न हाच, आणि मी तो त्याच्या तोंडी घातला नव्हता. आम्ही बघितलं. बाहेरच्या बाजूला पडला होता. खाली विटेची कड दिसत होती. बुरूज विटेपेक्षा पुढं आलेला, खाली निमुळता, वर गोल गरगरीत, मोदक उलटा ठेवल्यासारखा. ईशान बराच वेळ बोट फिरवत होता. "खाली बारीक झालाय." मी म्हटलं, "हं." एवढंच. बोलावंसं फार वाटत होतं. खाली रुंद कर, वर अरुंद कर, एक वीट अजून घाल, तीन वाक्यं जिभेवर होती. पदर घट्ट धरला.

ही सवय तुम्ही कुठल्याही कामात लावू शकता. बैलाचं शिंग तुटलं: कुठं तुटलं, मुळाशी की मध्ये? मुळाशी तुटलं असेल तर ते नुसतं चिकटवलेलं होतं. दोन्हीकडं काडीनं खरवडायचं, मध्ये पातळ चिखल लावायचा आणि मग दाबून बसवायचं. किंवा शिंग वेगळं करायचंच नाही, डोक्यातूनच चिमटीनं ओढून काढायचं. वाळताना तडकलं असेल तर बारीक भाग आधी वाळला आणि जाड मागं राहिला. मग रात्री ओल्या फडक्यानं झाकून सावकाश वाळू द्यायचं. ठोकळ्यांचा मनोरा पडला: कितव्या ठोकळ्यापासून? चित्र बिघडलं: कुठला भाग बिघडल्यासारखा वाटतो, बोट ठेव. पोरगं "सगळंच" म्हणतं आधी. थांबलं की बोट एका जागी येतं. "घोड्याचा पाय." बाकीचा घोडा मग बरा आहे की.

मदत किती

मदत करायचीच नाही, असं मी म्हणत नाही. पोराला बुडू द्यायचं नसतं. पण मदतीच्या पायऱ्या आहेत आणि आपण सगळे थेट वरच्या पायरीवर उडी मारतो.

सगळ्यात खाली नुसतं जवळ बसणं. आपण आपलं काही करत बसायचं, मी शेंगा सोलते. त्याच्यावर एक प्रश्न: "आता कुठलं राहिलं?" त्याच्यावर हाताचा आधार, म्हणजे पोरगं लावतंय आणि आपण नुसतं खालून धरलंय, तिसरा हात म्हणून. त्याच्यावर दाखवणं, पण आपल्या मातीवर. वेगळा गोळा घ्यायचा, त्यावर पाय कसा ओढतात ते एकदा दाखवायचं आणि आपला बैल लगेच मोडून गोळा करायचा. हे मोडणं महत्त्वाचं. आपला देखणा बैल शेजारी उभा राहिला की पोराचा मेला. सगळ्यात वरची पायरी त्याच्या वस्तूला हात लावणं. ती फक्त विचारून: "मी हात लावू का?" नाही म्हणालं तर नाही.

एक पायरी चढलात की थांबा. माझा अंदाज, मोठ्या माणसाला दहा सेकंदही थांबवत नाही. मनातल्या मनात रामरक्षेचे दोन श्लोक म्हणा. तेवढ्यात पोरगं बहुतेक वेळा स्वतःच पुढं सरकतं. आणि जमलं की लगेच एक पायरी उतरा. रशियातला लेव्ह वायगॉट्स्की म्हणून एक अभ्यासक होता, १९३४ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला. त्यानं मांडलं होतं की पोराला एकट्याला जमतं त्याच्या पुढं एक पट्टा असतो, जे कुणाच्या तरी सोबतीनं जमतं, आणि शिकणं त्या पट्ट्यात होतं. आमच्या गल्लीतल्या गवंड्याला हे वायगॉट्स्कीशिवाय माहीत होतं. स्लॅबला टेकू लावतो आणि सुकला की काढून घेतो.

"तूच काढ ना घोडा" म्हणणाऱ्या पोराला घोडा काढून देऊ नका. पाच-सहा वर्षांच्या पोराची ही पंचाईत खरी असते. डोळ्याला घोडा कसा दिसतो ते कळायला लागलेलं असतं आणि हात तिथं पोचलेला नसतो. तीन वर्षांचं पोरगं गोल काढून "घोडा" म्हणतं आणि खूश असतं. म्हणजे जे रडतंय त्याची नजर पुढं गेली आहे. अशा वेळी कागद बाजूला ठेवून बघायला न्या. आम्ही राजवाड्याजवळ टांग्याचा घोडा बघायचो, आता तो कुठला, आता गोडोलीकडं म्हैस बघतो. शेपूट कुठून सुरू होते? मागचा गुडघा कुठल्या बाजूला दुमडतो? घरी आल्यावर त्याचं ते काढतं. आणि सहा वर्षांच्या आत खोडरबर देऊ नये, हे माझं मत. खोडता खोडता कागद फाटतो, मग त्याचं वेगळं रडणं. चुकलेली रेघ राहू दे आणि दुसरी काढ. शेजारी पाठकोरे कागद भरपूर ठेवायचे.

कौतुक जरा बेतानं

"वा, किती हुशार!" हे आपल्या तोंडात बसलेलं आहे. १९९८ साली अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा एक अभ्यास छापून आला. मुलं पाचवीतली, म्हणजे आपल्या ह्या पोरांपेक्षा मोठी. कोडी सोडवल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. ती अडल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली. मला नवल वाटलं नाही. हुशार म्हणून घेतलेल्याला न जमणं परवडत नाही. पण नुसतं "छान प्रयत्न" म्हणणंही पोकळच, पोरांना ते कळतं. दिसलं ते सांगा: "आज तू गोळा टाकून बघितलास आणि मग पाणी घातलंस." पोरगं मान डोलावतं, एखाद्या मिस्त्रीसारखं. ते पुरे.

फोटोचं एक सांगून टाकते. अर्ध्या कामात मोबाइल काढून "इकडं बघ, हस" म्हटलं की पोराचं लक्ष वस्तूवरून उडतं आणि आपण कसे दिसतो ह्यावर जातं. फोटो शेवटी, आणि त्यानं काढ म्हटलं तरच. मनवाच्या किल्ल्याचा फोटो ईशानला दाखवणं हा तर गुन्हाच समजा. वहिनींना हे मी सांगितलं. चार दिवस बोलल्या नाहीत, मग चकल्या पाठवल्या.

सोडून द्यायचं कधी

प्रत्येक गोष्ट तडीस न्यायलाच हवी, असं नाही. रोज संध्याकाळी "आज इथवर" म्हणून थांबायचं, वर ओलं पोतं टाकायचं, कागदाचा झेंडा खोचायचा. झेंडा म्हणजे काम चालू आहे, कुणी झाडून टाकायचं नाही. मोठ्या माणसांनासुद्धा हा नियम लागू. आमच्या घरी झाडू घेऊन फिरणारे हेच, त्यांना दोनदा ताकीद द्यावी लागली. तीन दिवस कुणी झेंड्याकडं बघितलंच नाही तर पोराला विचारायचं, "काढू का झेंडा?" हो म्हणालं तर माती परत घमेल्यात. त्यावर व्याख्यान नाही.

एखादं पोरगं करण्याच्या कामातच नाही तर बटण लावताना, घास धरतानाही रोज झगडत असेल, किंवा कागद अगदी डोळ्याला लावून बघत असेल, तर त्याला चिकाटी शिकवत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, डोळे तपासून घ्या.

आणि आपलं बिघडलेलं पोरांना दिसू द्या. त्याच दिवाळीत माझी भाजणी दगा देत होती. पहिली चकली सोऱ्यातून उतरतानाच तुटली. एरवी मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले असते. त्या दिवशी ईशान ओट्यापाशी होता, म्हणून मोठ्यानं म्हटलं, "तुटतेय. पीठ कोरडं झालंय का?" पाण्याचा हात लावून मळलं. मग चकली पडली, पण तेलात विरघळायला लागली. "आता हे काय! मोहन जास्त झालंय." थोडी भाजणी आणखी मिसळली. ईशान स्टुलावर उभा राहून बघत होता. तिसऱ्या घाण्याला काटा आला तेव्हा तो म्हणाला, "पिठाला विचारलंस ना?" पहिल्या दोन घाण्यांचा चुरा त्यानंच खाल्ला.

बुरूज चौथ्यांदा झाला. बुटका, खाली म्हशीसारखा पसरलेला, आणि वर ईशानच्या म्हणण्यानुसार तोफ, माझ्या म्हणण्यानुसार शेवग्याची शेंग. अळीव त्यानं एकाच बाजूला मुठीनं ओतले, त्यामुळं चौथ्या दिवशी किल्ल्याच्या अर्ध्या भागात घनदाट जंगल आणि अर्ध्या भागात वाळवंट. भाऊबीज झाल्यावर मंडळी पुण्याला गेली. झेंडा मात्र काढू दिला नाही. मी रोज पाणी मारत होते.

तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला एका रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी बघते तो बुरूज गेलेला. संध्याकाळी फोन आल्यावर लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "ईशान, बुरूज पडला रे पावसानं." पलीकडं शांतता. मला वाटलं आता भोकाड येणार, मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"आजी," तो म्हणाला, "कुठल्या बाजूला?"